शेंगांची शाळा

दिवाळीचा चिवडा पुढे आला की आमची मुले दाणे तेवढे वेचून खातात आणि पोहे बापासाठी ठेवतात! गेल्या दिवाळीत मात्र मी त्यांना रागे भरलो नाही. ते दाणे सातारा जिल्ह्यातल्या माझ्या मामांच्या रानातले होते आणि त्यांची कथा मला ठाऊक होती.

मामांनी भुईमूग सोडायचे ठरवले होते. बियाणे महाग, मजुरी महाग, आणि आदल्या वर्षी निम्म्या शेंगा पोचट निघालेल्या. श्रावणात मी गेलो, तेव्हा त्यांनी एक पत्रक माझ्यापुढे टाकले. "मास्तर, तू मराठी शिकवतोस ना? मग हे सांग बघू उलगडून."

'आऱ्या निर्मितीच्या अवस्थेत जिप्समची शिफारशीत मात्रा द्यावी व तदनंतर आंतरमशागत टाळावी.' वाचकहो, वीस वर्षे मराठी शिकवूनही मी निरुत्तर झालो!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रानात शेतीशाळा भरली. कृषी खात्याची एक तरुण मुलगी आली होती. तिने एक झाड उपटून हातात धरले. "काका, हिचं फूल वर येतं, पण लेकरू मातीत वाढतं. फुलापासून ही दोरी निघते ना, तीच आरी. ती जमिनीत शिरली तर शेंग. आता कोळपं घातलं तर दोरीच तुटायची! नागपंचमीला आपण जमीन खणत नाही. भुईमुगापुरती ती नागपंचमी काढणीपर्यंत पाळायची."

सगळे हसले, पण कळले सर्वांना.

"मग शेंगा पोचट का होतात?" मामांनी विचारले.

"पुष्कळदा लेकरू उपाशी राहतं म्हणून. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम शेंगेपर्यंत फारसं पोचत नाही. ते तिला भोवतालच्या मातीतूनच घ्यावं लागतं. जिप्सममध्ये कॅल्शियम असतं, गंधकही असतं. म्हणून ते आत्ता, झाडाच्या बुडाशी द्यायचं. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. अर्ध्या रानात टाका, अर्धं तसंच ठेवा."

हे शेवटचे वाक्य मामांना पटले. हेक्टरी २०० किलोंच्या हिशेबाने त्यांनी अर्ध्या रानाला जिप्सम दिले.

नवरात्रात काढणी झाली. मामींनी दोन ढीग वेगळे ठेवले होते. दोन्हींतल्या मूठमूठ शेंगा त्यांनी माझ्यासमोर फोडल्या. एकीकडे टरफलांत वारा, दुसरीकडे टपोरे दाणे. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या ढिगातल्या शेंगा कडक वाळवून, हलवल्यावर दाणा खुळखुळतो ना ते पाहून, त्यांनी बियाण्याचे पोते वेगळे काढले. ओल राहिली तर बुरशी धरते आणि तिचे विष खाणाराच्या पोटात जाते, हेही त्या मुलीनेच सांगितले होते.

या कामाला सरकारदरबारी 'कृषी विस्तार' म्हणतात. १९५३ साली राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. १९७४ साली पाँडिचेरीला पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. संशोधकांनीही कसूर केली नाही. जळगावच्या केंद्रातून 'फुले प्रगती' हा वाण आला; तुर्भ्याच्या अणुसंशोधकांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर 'टॅग-२४' दिला. पण प्रयोगशाळा आणि मामांचे रान यांच्यामधले शेवटचे कोसभर अंतर पत्रकाने ओलांडले नव्हते. ते त्या मुलीच्या बोलण्याने ओलांडले.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. शेंगांचा भाव व्यापाऱ्यानेच ठरवला, आणि तो मामांच्या मनासारखा नव्हता. भावावर त्या मुलीकडे जिप्सम नव्हते.

तरी या जूनमध्ये मामांनी पुन्हा भुईमूगच पेरला. परवा मी गेलो, तेव्हा ते बांधावर उभे राहून शेजाऱ्याला सांगत होते, "अरे, लेकरू मातीत वाढतं!" मी मुकाट्याने ऐकत उभा राहिलो. माझ्या वर्गात इतके लक्ष देऊन कोणी ऐकल्याचे मला आठवत नाही.