विष मोडणारे जिवाणू आणि आपली मळी



मळी म्हणजे मोलॅसिस. तिच्यापासून स्पिरिट होते, ती पशुखाद्यात जाते, हे आपण जाणतोच. पण जमिनीखालचे विषारी पाणी सुधारण्यासाठीही मळी पातळ करून सोडतात, हे पुष्कळांना नवीन वाटेल. अमेरिकेत हॅन्सकॉम व व्हॅन्डेनबर्ग या हवाई दलाच्या तळांवर असे प्रयोग झालेले आहेत.

हे विष कोणते? यंत्राच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस धुण्यासाठी कारखान्यांतून ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावण वापरीत. त्यात क्लोरिनचे तीन अणू असतात. ते पाण्याहून जड, म्हणून झिरपून खोल जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे पाण्यात उतरत राहते. अमेरिकेतील वोबर्न गावच्या दोन सार्वजनिक विहिरी १९७९ साली अशाच द्रावणांपायी बंद कराव्या लागल्या. या द्रावणाने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला.

हे विष मोडणारा जिवाणू जमिनीतच सापडतो. त्याचे नाव डिहॅलोकोकॉइडिस. कॉर्नेल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९९७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. आपण श्वासाला प्राणवायू घेतो, तसा हा क्लोरिनयुक्त द्रावणावर जगतो. एकेक क्लोरिन काढत शेवटी उरते ते इथिलीन. केळी पिकवतात तोच वायू! मळी जमिनीत आंबली की हायड्रोजन सुटतो. तेच या गड्याचे खाद्य.

पण गडी मोठा नाजूक. हवा लागली की संपला. मळी जादा झाली तर पाणी आंबट होते, आणि आंबट पाण्यात याचे काम थांबते. म्हणजे खाद्यच बाधते. अति तेथे माती म्हणतात ते हेच. त्याच जागी क्लोरोफॉर्म सांडलेले असेल तर थोड्याशानेही त्याचा हात आखडतो. हवेत राहून मिथेनवर जगणारे दुसरे जिवाणूही हे द्रावण मोडतात. पण मोडताना जो पदार्थ तयार होतो, तो त्यांनाच बाधतो. काम करता करताच ते मरतात.

आता खरी मेख बघा. काम अर्ध्यावर थांबले तर एका क्लोरिनचे व्हिनाइल क्लोराइड साचते. तेही कर्करोग करणारेच, आणि मूळ विषाहून जहाल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात मूळ द्रावणाची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम, तर याची अवघी २. म्हणून अर्धवट शुद्धीपेक्षा काही न केलेले बरे, असेही होऊ शकते. या कामात जाणकार लोक आधी पाण्याचा आंबटपणा व इतर रसायने तपासतात, मग बेताने मळी सोडतात, आणि इथिलीन दिसेपर्यंत पाणी तपासत राहतात.

तेव्हा हे वाचून कुणी आपल्या विहिरीत मळी ओतू नये. पाणी नासेल, दुसरे काही होणार नाही. मोटार-ट्रॅक्टरचे भाग धुतलेले द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शोषखड्ड्यात कधीही टाकू नका. एकदा खाली गेलेले विष काढणे फार अवघड, आणि ते काढणारे हे चिमुकले मजूर आपल्या हुकमातले नाहीत.