ऑफिसातल्या संगणकांना कोणती प्रणाली?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट्स थांबवली. पाच-सहा संगणकांवर चालणाऱ्या छोट्या ऑफिसांपुढे प्रश्न आला: यंत्रं बदलायची की प्रणाली? विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि त्या अटीपाशी कितीतरी धडधाकट यंत्रं अडतात.

अशा यंत्रांवर मिंट किंवा उबुंटू लिनक्स छान चालते. परवान्याचा खर्चही नाही. पण आधी रोजचं काम पाहावं. हिशेब टॅली या विंडोजसाठीच्या प्रोग्रामवर असेल, तर ते यंत्र विंडोजवरच ठेवणं बरं. मराठी पत्रं युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली असतील, तर फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘महाराष्ट्र’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्या फाइली आधी युनिकोडमध्ये आणाव्यात. हे काम वेळखाऊ आहे, तरी टाळू नये.

सगळीकडे एकच प्रणाली हवी, हा हट्ट मात्र सोडावा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेला ‘सांबा’ हा प्रोग्राम लिनक्सला विंडोजशी बोलायला शिकवतो. कोपऱ्यातला जुना लिनक्स संगणक मग साऱ्या ऑफिसचं सामाईक कपाट होतो. विंडोजवर तो साध्या फोल्डरसारखा उघडतो.

कुलूप मात्र पक्कं हवं. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्राम विंडोजच्या याच फाइल-वाटपाच्या वाटेने पसरला. भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ते न घेतलेल्या यंत्रांमुळे ब्रिटनमधल्या रुग्णालयांना तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.