प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’ नसतो

सोयाबीनची मळणी सुरू झाली की जालना–मंठा रस्त्यालगतच्या वाटूरच्या शिवारात भुसा उडू लागतो. कुणाच्या तरी डोळ्यात कूस जातं, डोळा चोळला जातो आणि सकाळपर्यंत लालभडक होतो. निदान घरातच होतं: “डोळे आलेत.” उपायही ठरलेला. मेडिकलमध्ये जायचं आणि “डोळे आल्याचे थेंब द्या” म्हणायचं. चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही.

हा समज हवेतून आलेला नाही. 2023 च्या जुलैमध्ये आळंदीत गाजलेली डोळ्यांची साथ बघता बघता राज्यभर पसरली आणि जालन्याला लागून असलेला बुलढाणा जिल्हा रुग्णसंख्येत आघाडीवर होता. ती साथ विषाणूंची. एक डोळा लाल होतो, एक-दोन दिवसांत दुसराही. पाणी गळतं, पापण्या चिकटतात, खुपतं, पण चिपडं पुसली की नजर स्वच्छ असते. असा डोळा आठ-पंधरा दिवसांत बहुधा आपोआप बरा होतो. घोटाळा होतो तो त्यापुढे: कूस गेलेल्या, पऱ्हाटीची काडी लागलेल्या डोळ्यालाही हाच हिशेब लावला जातो.

काडीनं बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडतो. फ्युजेरियम आणि अॅस्परजिलस या बुरशी मातीत, वाळलेल्या पाल्यात असतातच. ओरखड्यातून त्या आत शिरतात आणि व्रण होतो. ही डॉक्टरांची भीती घालायची पद्धत वाटत असेल, तर मदुराईचा अभ्यास पाहावा. तो 1997 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत बुबुळाच्या व्रणाचे 434 रुग्ण तपासले गेले. त्यातल्या 65 टक्क्यांच्या डोळ्याला आधी इजा झालेली होती. ज्यांच्यात जंतू सापडले, त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये निव्वळ बुरशी होती.

आता ते थेंब. बाटलीवरची बारीक अक्षरं सहसा कुणी वाचत नाही. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादं नाव असेल, तर ते स्टिरॉइड आहे. सोबतचं प्रतिजैविक बुरशीला काही करत नाही आणि स्टिरॉइड डोळ्याची प्रतिकारशक्ती दाबतं. लाली उतरते, ठणका कमी होतो, ‘गुण आला’ म्हणून तीच बाटली शेजाऱ्यालाही दिली जाते! आत बुरशीला मात्र रान मोकळं. काही दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तेव्हा कुठे जालन्याचं नेत्रालय नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आठवतं.

तिथे डोळा बधिर करून व्रणाची कड हलक्या हातानं खरवडतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. ते सापडले की नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला तासातासाला, पुढे कित्येक आठवडे. व्रण भरला तरी मागे फूल, म्हणजे पांढरा डाग, राहू शकतं; ते मधोमध असेल तर नजर गेलीच. पहिल्या दोन-तीन दिवसांत डोळा दाखवला तर यातलं बरंचसं टळण्यासारखं असतं.

दुसरा फसवा लाल डोळा काचबिंदूच्या अचानक झटक्याचा. डोळ्यातला दाब एकाएकी चढतो. अर्धं डोकं फुटतं, ओकाऱ्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. घरचे म्हणतात, पित्त झालंय. आल्याच्या तुकड्यावर रात्र काढली जाते आणि दृष्टीची नस त्याच रात्रीत मरू शकते. उलट, पांढऱ्या भागात रक्ताचा लालबुंद डाग पाहून घर हादरतं. दुखत नसेल, नीट दिसत असेल आणि मार लागलेला नसेल, तर जोराच्या खोकल्यानं फुटलेली ती बारीक रक्तवाहिनी असते. डाग दोनेक आठवड्यांत जिरतो. वारंवार होत असेल तर रक्तदाब मोजावा.

बाकीचे समज किरकोळ, पण चिवट. आलेल्या डोळ्यांकडे पाहिल्यानं डोळे येत नाहीत. ते हातानं, टॉवेलनं, उशीच्या अभ्र्यानं येतात. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ अडवत नाही. आईचं दूध, मध, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. ‘उष्णता झाली’ हे निदान नव्हे. आणि पदराच्या टोकानं कचरा काढणं म्हणजे ओरखडा वाढवणं.

कापसावरच्या फवाऱ्याचं औषध डोळ्यात उडालं तर आधी दवाखाना नव्हे, आधी पाणी: पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटं. मग गाडी काढायची, आणि निघताना त्या औषधाचा डबा सोबत घ्यायचा. लेबल पाहिल्यावर डॉक्टरांना विचारत बसावं लागत नाही.