राम जोशी म्हणजे फक्त शृंगार नव्हे!

पेशवाईच्या उत्तरकाळातले सोलापूरचे शाहीर राम जोशी बहुतेकांना शृंगारिक लावणीसाठीच आठवतात. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी नेले. त्यांच्या चिंतनपर रचनांना मात्र अजून पुरेसा न्याय मिळालेला नाही, असे मला ठामपणे वाटते. नरदेहाची नश्वरता, वैराग्य, धार्मिक ढोंगावरची टीका हे विषयही त्यांनी लावणीतच बांधले. यावर आक्षेप येतो, की हा पंडितकवी मोरोपंतांच्या प्रभावातून आलेला उपदेश. अस्सल राम जोशी म्हणे शृंगारातच सापडतात. पण दोन्हीकडे तीच अनुप्रासांची लयलूट, तोच संस्कृतचा व्यासंग आणि तीच ढोलकीला धरून चालणारी शब्दकळा दिसते. कारागिरी एकच असताना एक बाजू अस्सल आणि दुसरी उसनी कशी ठरेल? दोन्ही प्रकारच्या लावण्या शेजारी ठेवून वाचा. शाहीर पुरता कळेल तो तेव्हाच.