लग्नघरातील नृत्यसंगीत : आजोबांपासून नातवंडांपर्यंत

जबलपूरच्या नेपियर टाउन भागातील माझ्या आजोळी दोन वर्षांच्या अंतराने दोन लग्ने झाली. पहिले मामेभावाचे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ‘महिला संगीत’ सुरू होऊन पाच मिनिटेही झाली नसतील, तोच आजोबांनी आपले श्रवणयंत्र कानातून काढले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिले. नागपूरहून त्यांचे धाकटे बंधू आले होते आणि दोघांची गाठ नऊ वर्षांनी पडत होती. दोघे भाऊ शेजारीशेजारी खुर्च्या मांडून बसले आणि साडेदहा वाजेपर्यंत एकमेकांकडे पाहून नुसते हसत राहिले. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या धांदलीत बोलणे राहून गेले व रात्रीच्या गाडीने धाकटे आजोबा नागपूरला परतले. आजोबा त्याबद्दल कोणाला काही बोलले नाहीत. मामींच्या मनाला मात्र ती गोष्ट लागून राहिली, आणि धाकट्या मुलीचे, म्हणजे माझ्या मामेबहिणीचे, लग्न ठरले तेव्हा मुहूर्तापाठोपाठ त्यांनी पहिला विषय काढला तो गाण्यांचा.

‘महिला संगीत’ हा शब्द पुण्याकडील वाचकांना थोडा अपरिचित वाटेल. माझे नित्याचे काम भाषांतराचे आहे, पण या शब्दाला मराठी प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. कारण मुळात ही चाल आपल्याकडची नव्हे. मराठी लग्नात सनई-चौघडा असे, मंगलाष्टके असत, वरातीपुढे ताशा किंवा बँड असे. घरातील बायामाणसांनी एकत्र जमून नाचण्याचा प्रसंग यायचा तो लग्नानंतर, श्रावणातल्या मंगळागौरीला. जबलपूरच्या मराठी कुटुंबांनी हा समारंभ आपल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांकडून घेतला, आणि त्यात नवल काहीच नाही. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १८६१ पासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदले. कचेऱ्या, न्यायालये आणि १९०४ साली निघालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने आलेली घरे येथेच रुजली. आजोबांची सारी नोकरी त्याच कारखान्यात झाली. अशा घरांत ढोलकीवरचे बन्ना-बन्नी आणि मंगळागौरीचा झिम्मा हे दोन्ही एकाच अंगणात ऐकू येतात.

आता आजोबांच्या कानांविषयी. उतारवयात श्रवणशक्ती कमी होते म्हणजे सगळेच आवाज सारखे मंदावतात, असा आपला समज असतो. वस्तुतः बहुतेकांच्या बाबतीत आधी उंच पट्टीचे सूक्ष्म ध्वनी जातात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांसारखी व्यंजने याच वर्गातील होत, आणि बोलण्याचा अर्थ मुख्यतः त्यांच्यावर अवलंबून असतो. खर्जातील दणदणाट मात्र कानाला स्पष्ट पोचतो व उरलेसुरले शब्दही बुडवून टाकतो. त्यातच अशा कानांना ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांमधले अंतर फार थोडे उरलेले असते. म्हणून म्हातारी माणसे एकाच श्वासात ‘ऐकू येत नाही’ आणि ‘केवढा हा आवाज!’ असे म्हणतात, तेव्हा त्यांत विसंगती नसते. श्रवणयंत्र सभोवारचा गोंगाटही वाढवूनच देते. ते काढून ठेवले की नातेवाइकांनी भरलेल्या मांडवात माणूस एकटा पडतो.

मामींनी आणि मुलांनी प्रथम जी यादी केली ती वाटणीची होती : आजी-आजोबांसाठी जुनी चार गाणी, मामा-मामींच्या वयाच्या मंडळींसाठी सहा, लहान मुलांसाठी तीन, बाकीची तरुणांची. दिसायला न्यायाची, पण निरुपयोगी. कारण एका पिढीचे गाणे लागले की बाकीच्या तीन पिढ्या खुर्चीवर बसतात. आणि ‘आता तुमचे गाणे, उठा’ असा आग्रह झाला की संकोची माणूस अधिकच घट्ट बसतो. माझ्या मते गाणे कोणत्या सालचे आहे हा प्रश्न दुय्यम होय. त्याची चाल कशी आहे, हे आधी पाहावे.

चाल म्हणजे येथे अगदी शब्दशः चालणे. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा हे दोन ठेके आपल्या लोकगीतांच्या, भजनांच्या आणि चित्रपटगीतांच्या अंगी इतके मुरलेले आहेत की ते कोणाला शिकवावे लागत नाहीत. दादऱ्यात शरीर आपोआप डोलते, केरव्यात पाऊल पडते. घड्याळ समोर ठेवून ठोके मोजावेत. मिनिटाला शंभराच्या आसपास भरले, तर ती माणसाच्या बेताच्या चालण्याची गती झाली. त्या गतीत सत्तरीचा गुडघाही साथ देतो आणि पाच वर्षांचे मूलही अडखळत नाही. ‘सैराट’ (२०१६) मधील अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ लागले की आजही सारा मांडव उठतो हे खरे. परंतु पहिल्या कडव्यानंतर कोण कोण उरले ते मोजून पाहावे.

दुसरी एक कसोटी मला फार उपयोगी वाटते. लष्करी वाद्यवृंदांच्या धर्तीवर निघालेले पितळी वाद्यांचे बँड आपल्या वरातींत रूढ झाले, आणि जबलपूर तर छावणीचे गाव. या बँडात गायकाची जागा क्लॅरिनेट घेते. शब्द नाहीत, गायकाचा आवाज नाही. तरी क्लॅरिनेटवर वाजलेले जे गाणे दारात उभ्या असलेल्या आजीने ओळखले, ते सर्वांचे गाणे. ज्याची चाल गुणगुणता येत नाही, ज्यात केवळ ठोकाच उरतो, ते त्या संध्याकाळी उशिरासाठी राखून ठेवावे.

शब्दांकडेही लक्ष हवे. नव्या विहिणी शेजारीशेजारी बसलेल्या असताना कोणते गाणे चालेल, हे ठरवायला समिती लागत नाही. घरातील एखाद्या प्रौढ बाईने यादी एकदा वाचली की पुरते. उलट काही गाणी जणू वडीलधाऱ्यांसाठीच झाली आहेत. ‘वक्त’ (१९६५) मध्ये बलराज साहनी आपल्या पत्नीला उद्देशून जी कव्वाली म्हणतात, तिला संगीत रवी यांचे आणि आवाज मन्ना डे यांचा. प्रौढ पुरुषाने चारचौघांत आपल्या बायकोचे कौतुक करावे, ही सोय हिंदी चित्रपटांनी क्वचितच इतक्या शालीनतेने केली असेल! त्याच रवींचे ‘नीलकमल’ (१९६८) मधील पाठवणीचे गाणे मात्र नाचाच्या यादीत चुकूनही येऊ देऊ नये. मामेभावाच्या लग्नात ते मध्येच लागले, आणि ज्यांच्या मुली सासरी गेल्या होत्या असे तीन गृहस्थ पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पडले.

मामेबहिणीचे सासर सागरचे, बुंदेलखंडी. त्यांच्याकडे जन्माला आणि लग्नाला ‘बधाई’ नाचतात. स्त्रियांच्या गारी असतात. गारी म्हणजे गोड शिव्या, व्याह्यांची गाण्यातून केलेली थट्टा. आमच्याकडे फुगडी, झिम्मा आणि शाळेच्या मैदानावर शिकलेली लेझीम. दोन्हीकडच्या बायकांनी फोनवर बोलून ठरवले की आरंभीचा पाऊण तास ध्वनिक्षेपक बंदच ठेवायचा. ढोलक, टाळ्या आणि तोंडची गाणी. जे गातात त्यांचे वय विचारावे लागत नाही, हा तोंडच्या गाण्यांचा मोठा गुण. त्यानंतर रिंगण. रिंगणात मोठी सोय अशी की संथ चालणारा आत राहतो, चपळ माणूस बाहेरून फिरतो, आणि तरी दोघे एकाच नाचात असतात. समोर रंगमंच आणि खाली प्रेक्षक अशी मांडणी केली की हे साधत नाही.

क्रमही उलटा केला. एरवी ‘वातावरण तापवण्यासाठी’ सर्वांत जोरकस गाणी आधी लावतात आणि वडीलधाऱ्यांची पाळी येईपर्यंत ती माणसे जेवून खोलीत गेलेली असतात. मुलांना नवाला झोप येते, वृद्धांना जेवण लवकर लागते. म्हणून सर्वांचे ते साडेसात ते नऊ, तरुणांचे ते त्यानंतर. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरील ध्वनिक्षेपकांना बंदी, हे २००० सालचे नियम सर्वांस ठाऊक असतात. पाळायची वेळ आली की घड्याळे मागे पडतात. मामींनी डीजेवाल्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. कर्णे बसण्याच्या जागेपासून दूर आणि तोंडे विरुद्ध दिशेला. आणि खर्जाची कळ मामींच्या परवानगीशिवाय फिरवायची नाही. तो बिचारा म्हणाला, ‘दीदी, फिर मज़ा नहीं आएगा।’ मामी म्हणाल्या, ‘भैया, मज़ा हम ले आएँगे।’

सगळेच काही जमले असे नाही. सागरकरांच्या गारीतील एक चरण आमच्या एका आत्याबाईंना झोंबला, आणि लेझीम चारच मिळाल्याने मुलांत भांडणे झाली. नागपूरचे धाकटे आजोबा याही खेपेस आले होते. रिंगण चालू असताना दोघे भाऊ कडेच्या बाकावर बसून कारखान्यातल्या, वडिलांच्या, विकून टाकलेल्या घराच्या गोष्टी बोलत होते. मध्येच उठून दोघांनी एक फेराही घेतला. साडेनऊच्या सुमारास आजोबा घाईघाईने मामींकडे आले. यंत्रातली बॅटरी संपली होती आणि त्यांना ताबडतोब दुसरी हवी होती.