तुपाखालच्या पारंब्या

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. हे धाडस आपल्याला ठाऊक असते. त्यामागची जंतू वाढवण्याची विद्या मात्र फारशी कुणी सांगत नाही.

लशीसाठी जंतू आधी भरपूर वाढवावा लागे आणि मग मारावा लागे. हाफकिन यांनी काचेच्या चंबूत मांसाचा निर्जंतुक अर्क घेतला, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले आणि त्यात प्लेगचे जंतू सोडले. तुपाच्या खालच्या बाजूला धरून जंतूंची वाढ वडाच्या पारंब्यांसारखी खाली उतरू लागली. चंबू हलला की पारंब्या तुटून तळाशी बसत. म्हणून तो आधी निश्चल ठेवायचा, पुरेशी वाढ झाली की मुद्दाम हलवायचा, म्हणजे तुपाखाली नवे पीक धरे. असे काही आठवडे चाले. या पारंब्या प्लेगच्या जंतूची खूण मानल्या जात. पुढे उष्णता देऊन जंतू मारत आणि जंतुनाशक कार्बोलिक ॲसिड घालत.

मागणी वाढल्यावर हाफकिन यांनी अगार या घट्ट माध्यमावर जंतू वाढवण्याची जलद रीत घेतली आणि कार्बोलिक ॲसिड वगळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या १९ जणांना लस एकाच बाटलीतून दिली होती, तिचा क्रमांक ५३-एन. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना तिथले पद सोडावे लागले.

त्यांची बाजू सावरली ती जंतूंच्या स्वभावाच्या ज्ञानाने. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता, तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. शिवाय बूच काढायचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही पुढे आले. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७मध्ये ते दोषमुक्त ठरले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्यांचे नाव मिळाले.

आज प्रयोगशाळांत गाळलेल्या हवेची कपाटे आहेत, तापमान राखणारी यंत्रे आहेत. तरीही प्रत्येक बाटलीवर क्रमांक घालावाच लागतो, प्रत्येक खेपेची शुद्धता तपासावीच लागते. मुल्कोवालला क्रमांकांमुळेच दोष एका बाटलीपर्यंत नेता आला. जंतुसंवर्धन शिकणाऱ्या मुलांना हे प्रकरण पहिल्याच वर्षी शिकवायला हवे. नोंद आणि निर्जंतुकता ही या विद्येतली कंटाळवाणी कामे नव्हेत. माणसांचे जीव त्यांच्यावरच अवलंबून असतात.