मूकपटांचे हरवलेले चेहरे

दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटाच्या आरंभी कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एका लहान मुलीचा चेहरा येतो. ती फाळके यांची कन्या मंदाकिनी. कॅमेऱ्यासमोर ती एकामागून एक भाव दाखवते आणि मग कृष्णाच्या रूपात अवतरते. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा तिचा हा अभिनय आजही पाहता येतो, कारण ‘कालिया मर्दन’चा मोठा भाग सुरक्षित राहिला आहे.

कमलाबाई गोखले आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. फाळके यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या चित्रपटात दुर्गाबाई पार्वती आणि कमलाबाई मोहिनी झाल्या होत्या. भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री म्हणून या मायलेकींची नावे घेतली जातात. त्या चित्रपटाची प्रत मात्र आज उपलब्ध नाही. ज्या कामासाठी त्यांची इतिहासात नोंद झाली, ते काम आता कोणालाही पाहता येत नाही. कमलाबाईंना दीर्घायुष्य लाभल्यामुळे निदान त्यांच्या आठवणी तरी मागे राहिल्या. रीना मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘कमलाबाई’ या माहितीपटात त्या टिपून ठेवल्या. पुढे त्यांचे पुत्र चंद्रकांत आणि नातू विक्रम गोखले यांनी अभिनयाचा हा वारसा चालवला.

या दोन उदाहरणांत मूकपटांच्या जतनाचा सारा प्रश्न सामावलेला आहे. रंगभूमीवरील नट प्रेक्षकांच्या आठवणीतून पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. गायकाची ध्वनिमुद्रिका उरते. मूकपटातील कलावंताचा आवाज कधी नोंदलाच गेला नाही. त्याचे सारे अस्तित्व चित्रफितीत असते. ती नष्ट झाली की उरते ते केवळ नाव, आणि पुष्कळदा तेही नाही.

रिळे गेली कुठे?

१९१३ ते १९३४ या काळात भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण वा अंशतः उरलेले मूकपट जेमतेम तिसाच्या आसपास आहेत. हे नुकसान आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथील सुमारे ११ हजार मूकपटांपैकी अवघे १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्णपणे शिल्लक आहेत. आपल्याकडील प्रमाण त्याहूनही कितीतरी कमी आहे.

याचे पहिले कारण चित्रफितीच्या रसायनात आहे. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ अतिशय ज्वालाग्राही आहे. जळताना तो स्वतःच प्राणवायू पुरवत असल्याने पेटलेली फीत पाण्यानेही सहजासहजी विझत नाही. आग लागली नाही तरी उष्ण आणि दमट हवेत तिचे विघटन होत राहते. आधी चित्र फिकट होते, मग फीत चिकट होऊन तिचे वेटोळे एकमेकांना धरून बसतात आणि अखेरीस डब्यात तपकिरी भुकटी उरते.

दुसरे कारण व्यवहाराचे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. काही वर्षांतच मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. फितीवरील थरात चांदी असते. ती काढून घेण्यासाठी रिळे विकली गेली आणि उरलेल्या फितीच्या बांगड्याही बनवल्या गेल्या. जपणूक करणारी संस्था निर्माण होण्यास १९६४ साल उजाडले. त्या वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. तोवर बहुतेक ठेवा नष्ट झाला होता. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटच्या असंख्य जुन्या रिळांची राख झाली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवल्या होत्या, तेवढेच चित्रपट वाचले.

पडद्यावरची माणसे

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळके यांनी निवडले. याच साळुंके यांनी ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या परेश मोकाशी यांच्या मराठी चित्रपटामुळे हा काळ नव्या पिढीला ठाऊक झाला. परंतु चार रिळांच्या मूळ ‘राजा हरिश्चंद्र’मधील पहिले आणि शेवटचे एवढीच रिळे आज उपलब्ध आहेत. तीदेखील १९१३ ची नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’ (१९२०) साठी स्त्रियांनाच कॅमेऱ्यासमोर उभे केले. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. चित्रपटात काम करणे स्त्रीसाठी बदनामीचे मानले जात होते, त्या काळात त्यांनी हे धैर्य दाखवले. शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केलेला ‘सावकारी पाश’ (१९२५) मूक रूपात आता पाहायला मिळत नाही. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने विसाव्या दशकातील सर्वांत लोकप्रिय तारका झाल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. तरीही ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) मधील त्यांच्या आठ भूमिका पाहण्याची सोय आज नाही.

जतन म्हणजे काय?

जे उरले, त्यातील पुष्कळ श्रेय संग्रहालयाचे दीर्घकाळ धुरीण राहिलेल्या पी. के. नायर यांना जाते. फाळके यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ची रिळे मिळवली. शोध आजही थांबलेला नाही. कोलकात्यात तयार झालेल्या ‘बिल्वमंगल’ (१९१९) चा काही भाग फ्रान्समधील संग्रहात होता. ‘जमाई बाबू’ (१९३१) ची प्रत देऊन त्याच्या बदल्यात तो २०१६ मध्ये पुण्यात आणण्यात आला. मार्च २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

फीत मिळाली की काम संपत नाही. ती स्वच्छ करून सुरक्षित फितीवर आणि संगणकीय स्वरूपात उतरवावी लागते. तुकड्यांचा क्रम लावावा लागतो. गतीही सांभाळावी लागते. मूकपट बहुधा सेकंदाला १६ ते १८ चौकटींच्या गतीने चित्रित होत. बोलपटाच्या २४ चौकटींच्या गतीने ते दाखवले, तर पात्रे धावपळ करताना दिसतात आणि गंभीर अभिनयही हास्यास्पद ठरतो. जुने नट ‘तसेच’ अभिनय करत असत, हा समज बऱ्याच अंशी या चुकीच्या गतीतून आला आहे.

शेवटचा टप्पा ओळख पटवण्याचा. पडद्यावरचा चेहरा कोणाचा, हे सांगणारे साक्षीदार आता हयात नाहीत. त्यामुळे जाहिराती, कथापुस्तिका, छायाचित्रे, पत्रव्यवहार, सेन्सॉरच्या नोंदी आणि १९२७-२८ च्या भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीपुढील साक्षी यांवरच विसंबावे लागते. असे कागद मुंबई-पुण्यापासून वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या बाजारगावापर्यंत कोणत्याही जुन्या घराच्या माळ्यावर पडलेले असू शकतात. रद्दीत घालण्यापूर्वी ते एकदा पाहावेत. छायाचित्रातील माणसांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवावीत. जुनी फीत सापडल्यास ती प्रक्षेपकावर लावू नये, उष्णतेपासून दूर ठेवावी आणि संग्रहालयाला कळवावे.

‘मोहिनी भस्मासुर’चा एखादा तुकडा कुठे उरला असेल, तर तो अशाच एखाद्या अनोळखी डब्यात असेल. तो उघडणाऱ्याला आत काय आहे हे ओळखता आले, तरच कमलाबाईंची मोहिनी पुन्हा पडद्यावर येईल.